बाजेला नाव ठेवलंत, वय नाही विचारलंत

मी बाज बोलतेय. बाळंतिणीची बाज. चार पाय, चौकटीच्या चार दांड्या आणि अंबाडीची दोरी, एवढंच माझं अंग. धरणगावपासून दोन कोसांवरच्या एका खेड्यात झुलाल पाटलाच्या गोठ्यात मी चौदा वर्षं उभी होते. गावानं मला अपशकुनी ठरवलं होतं. आज मला राग आलाय, आणि तो मी गिळणार नाही.

हिलाल सुतारानं मला बाभळीच्या लाकडातून घडवलं ते एकोणीसशे आठ साली. झुलालची बायको भिकुबाई तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि तिचं पहिलं बाळंतपण होतं. ते मूल सहाव्या दिवशी गेलं. त्यानंतर ती माझ्यावर आठ वेळा बाळंत झाली. त्या आठांतली चार जगली. दर खेपेला ती माझ्यावर टेकली की मला कळायचं, बाई आतून हलकी होत चाललीय. तळवे पांढरे पडलेले, चार पावलं चालली तरी धाप. लोक म्हणायचे, भिकुबाईची कूस भरलेली आहे. कूस भरलेली होती, बाई रिकामी होत होती.

तीस साली पोरींच्या लग्नाच्या वयाचा कायदा लागू व्हायचा होता. चौदाच्या आत पोरगी उजवायची नाही. मग काय, कायदा यायच्या आत उरकून घ्या म्हणून गावोगाव मांडव पडले. पाळण्यातल्या पोरींनाही हळद लागली. त्याच घाईत झुलालनं थोरल्या अभिमनसाठी बारा वर्षांची भागा सून करून आणली. तिला माहेरी आई नव्हती. लग्नातली चोळी तिला सहा महिन्यांत आखूड झाली, कारण पोर अजून वाढत होती!

बत्तीस साली भागाला दिवस राहिले. ती चौदाची. आणि त्याच घरात एकोणचाळिसाव्या वर्षी भिकुबाईलाही दिवस राहिले. सून घरात आलेली, लोक हसतील म्हणून भिकुबाई पाच महिने पदर लपेटून वावरली. सासूला लाज, सुनेला समज नाही. ज्यांनी लाजायला हवं होतं ते ओट्यावर पान खात बसले होते.

सुंदरबाई सुईण दोघींना बघायला आली. भागाचे पाय सुजलेले, तोंड सुजलेलं. डोकं दुखतं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात, असं ती सांगत होती. सुंदरबाईनं तिची कंबर चाचपली आणि तशीच उठून झुलालपुढे गेली.

"झुलालभाऊ, हाई पोर शे, बाई नही शे. इन्हं हाड आजून रुंद व्हयनं नही. आनि वहिनी बी आते थकी गयी. दोन्हीसले जयगावले दवाखानामा लई जा."

झुलाल हसला. "मन्ही माय बारा वरीसनी व्हती तवय मी व्हयनू. काय व्हयनं तिले?"

"तू जगना, भाऊ. तुन्हा मांगे-पुढे पाच व्हयनात, त्या कोठे शेतस?"

झुलालनं जळगावला जायला गाडी जुंपली नाही.

भाद्रपदातल्या एका सकाळी भागाला कळा सुरू झाल्या. तो दिवस गेला, दुसरा उजाडला, मूल पुढे सरकेना. भिकुबाई आठ महिन्यांचं पोट सांभाळत तिच्या उशाशी बसून होती. "रडू नको, माय. मी शे ना," म्हणत होती. दुपारी भागाचे डोळे फिरले, दातखीळ बसली, सगळं अंग झटके द्यायला लागलं. माझी दोरी करकरली. सुंदरबाईनं तिच्या दातांत कापडाची घडी कोंबली नसती तर जीभ तुटली असती. तिन्हीसांजेला मूल बाहेर आलं. मुलगा होता. रडला नाही. भागा तीन दिवस बेशुद्ध राहून जगली.

तिला नीट बसता येऊ लागलं त्याच आठवड्यात, दिवस पुरे भरायच्या आधीच, भिकुबाईला कळा आल्या. मूल तासाभरात झालं, मुलगी. सगळे म्हणाले, बघा, सुटली सुखरूप! सुंदरबाई मात्र पोट चोळत राहिली. पंचवीस वर्षं राबलेली ती गर्भाची पिशवी आवळून येईना. रक्त दोरीतून खाली गळत राहिलं. आता झुलालनं बैल जुंपायला धाव घेतली. गाडी दारात येऊन उभी राहिली तेव्हा भिकुबाईचा हात माझ्या दांडीवरून खाली लोंबत होता.

घरात आकांत उठला. त्यात ती तान्ही पोर भुकेनं रडत होती. कोपऱ्यात बसलेली भागा, जिची चोळी दुधानं भिजलेली होती आणि जिचं लेकरू मातीत गेलं होतं, पुढे सरकली. "दे माले," एवढंच म्हणाली. चौदा वर्षांच्या सुनेनं सासूची लेक छातीशी घेतली. तिचं नाव गोजर ठेवलं.

तेराव्याला लोक जमले. कुणी म्हणालं दृष्ट, कुणी म्हणालं करणी. मग एका शहाण्याला मी दिसले. "ही बाजच वाईट आहे." सगळ्यांच्या माना हलल्या. मला उचलून गोठ्यात फेकलं. अरे, मी लाकूड! एक पोर पिकायच्या आधी तोडलीत, दुसरीला विसावा न देता झिजवलीत, आणि दोष बाभळीला?

भागाला पुढे दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गर्भ गळला. मग राहिलेच नाहीत. त्या पहिल्या बाळंतपणानं आतून इजा केली, असं सुंदरबाई सांगायची. गाव तिला वांझ म्हणायचं. कोवळ्या वयात जिचं अंग मोडलं तिलाच हे नाव! अभिमननं दुसरी बायको केली नाही, एवढं त्याच्या पदरात टाकते. पण बायकोची बाजू घेऊन तो कधी बोललाही नाही.

शेहेचाळीसच्या दिवाळीनंतर गोजरला पाहायला पाचोऱ्याकडचे पाहुणे आले. झुलाल खुशीत होता. "चौदा भरनात. कायदा बी काही म्हनाव नही."

भागा गोठ्यात आली. वाळवी लागलेला माझा पाय धरून तिनं मला फरफटत अंगणात आणलं, पाहुण्यांच्या पुढ्यात. सासऱ्याला ती मामा म्हणे आणि त्याच्यापुढे कधी तोंड उघडत नसे.

"मामा, हाई बाज वळखतस का? आठेच, ह्या बाजवर, मन्हं लेकरू मरनं. आठेच गोजरनी माय गयी. आख्खा गावनी बाजले नाव ठेवं. मन्हं वय कोन्ही इचारं नही, गोजरनी मायनं वय बी इचारं नही. आते इचारा."

"सूनबाई, आत जा," झुलाल ओरडला.

"नही जाव. मन्हा दूधवर वाढेल शे ती. अठरा भरतीन तवय बोला."

पाहुणे चहा न घेता उठले. झुलाल महिनाभर तिच्या हातचं जेवला नाही. पण गोजर आज सातवीच्या परीक्षेला बसतेय.

भागानं माझा पाय बदलून घेतला, नवी दोरी भरून मला पडवीत ठेवलं. नव्या दोरीत जुना अपशकुन गाव विसरलं. काल शेजारचा जीवराम आला. लेकीला दिवस गेलेत, बाज द्या म्हणाला. भागानं विचारलं, वय काय? तो घुटमळत म्हणाला, पंधरावं लागलंय.

"बाज मियाव नही," भागानं नकार दिला. "गाडी जुप. जयगावले मी संगे येस."

ती दोघं लेकीला घेऊन सकाळीच निघालीत. मी इथं रिकामी आहे. लोकहो, मला रिकामीच राहू द्या.