अख्खा किडा

“ती हातोडी आधी खाली ठेव,” डल्सी म्हणाली. “माझ्या बादलीला हात लावलास तर याद राख!”

लॅकलननं हातोडी ठेवली, पण जागचा हलला नाही. समुद्रातले जीव शोधणाऱ्या या मोहिमेचा प्रमुख तो. पण जहाजाच्या मागच्या डेकवर, बादल्या आणि गाळण्यांच्या राज्यात, डल्सी झानेटीपुढे त्याचं काही चालत नसे. “वारा चढतोय, डल्सी. कप्तान आता टाउन्सव्हिल बंदराकडे वळणार. फोड ना एकदाचा तो दगड!”

“मागच्या सफरीत फोडलास की! काय दिवे लावलेस? तुकडे आले हातात. शेपूट आहे तर डोकं नाही.”

बशा मांडत बसलेली तिची कामातली जोडीदारीण टीगन फिसकन हसली.

दगड म्हणजे मेलेल्या पोवळ्याचा तुकडा. जिथे ऊन जेमतेम पोचतं अशा खोल प्रवाळातून यंत्रानं उचलून आणलेला. दिसायला मढं, पण आत वस्ती ही अशी! बादलीतलं पाणी शिळं होत गेलं तसे आतले किडे गुदमरून एकेक बाहेर पडू लागले. अंगभर खवले असलेला एक चपटा. काचेसारख्या केसांचा, हात लावला तर आग आग करणारा. शेवयांसारख्या मिशा पसरणारा. नळीतून पिसांचा तुरा काढून सुळकन आत घेणारा. सगळे गांडुळाचे भाऊबंद, पण एकाचा तोंडवळा दुसऱ्यासारखा नाही. लोक मासे बघायला पैसे मोजतात आणि या बिचाऱ्यांना साधं नाव नाही, याचा डल्सीला मनापासून राग यायचा.

तिला हवा होता तो जांभळा, नारिंगी पट्ट्यांचा. तो अख्खा मिळाल्याशिवाय त्याची ओळख पटणार नव्हती आणि ओळख पटल्याशिवाय नाव मिळणार नव्हतं. ही तिची शेवटची सफर. निवृत्ती घेतेय, असं तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. खरं कारण एप्रनच्या खिशात दडलेलं होतं, तिचा उजवा हात. तो थरथरायचा, आणि तिनं कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

“आला गं!” टीगन कुजबुजली.

भोकातून जांभळं डोकं डोकावलं. डल्सीनं डाव्या हातानं खाली बशी धरली आणि किडा अलगद तिच्यात उतरला, शेपटीसकट! आता गुंगीचं औषध थेंब थेंब द्यायचं, त्याला कळणारही नाही इतक्या हळू. धक्का बसला तर हा स्वतःच स्वतःचे तुकडे करून मोकळा होतो.

तिनं उजवा हात बाहेर काढला. ड्रॉपरचं टोक बशीच्या काठावर टकटक वाजू लागलं. किडा आक्रसला. मधोमध त्याची कंबर बारीक झाली, तिथूनच तो तुटणार होता. डल्सीनं डाव्या हातानं उजवं मनगट आवळलं, तर थरथर आणखी वाढली. संतापानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्ताच व्हायचं होतं का मेलं हे?

“टीगन, हे घे. तू कर. माझा हात थरथरतो.”

“कधीपासून?” लॅकलननं विचारलं.

“बरेच दिवस झाले. आता बाजूला हो, सावली पाडू नकोस.”

लॅकलन बाजूला झाला. मग जहाज इतक्यात वळवू नकोस, असं सांगायला कप्तानाकडे गेला.

“काठाला सोड थेंब,” डल्सी म्हणाली. “थांब. घाई नको. त्याला सैल पडू दे. हं, आता दुसरा.”

“तुटला तर?” टीगनचा आवाज कापत होता.

“हात नाही ना कापत? मग झालं तर!”

हळूहळू कंबर भरली. किडा लांब, सरळ पसरला. जांभळा, नारिंगी, डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसंध. टीगननं फोटो काढून घेतले आणि त्याला अल्कोहोलच्या बाटलीत सोडलं. डल्सी बघत असतानाच नारिंगी पट्टे पुसट होऊ लागले.

बाटलीत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी टाकायची असते, शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. टीगननं कागद पुढे ओढला.

“राहू दे,” डल्सी म्हणाली. “ती मी लिहिते.”

तिनं उजव्याच हातात पेन्सिल धरली. जागा लिहिली, खोली लिहिली. खाली किडा मिळवणाऱ्यांत आधी टीगनचं नाव, मग आपलं. अक्षरं वेडीवाकडी आली. तिनं ती खोडली नाहीत. चिठ्ठी तशीच बाटलीत सोडली आणि झाकण घट्ट लावायला टीगनकडे दिलं.