टॅपेटची टकटक

इत्तोने इंजिनाच्या पुढच्या मोठ्या नटावर पाना बसवला आणि दोन्ही हातांनी ओढला. इंजिन उसासा टाकून पाव फेरा फिरलं.

"थांब," बा म्हणाला.

झाकण काढलेल्या इंजिनावर तो ओणवा झाला होता. फिरत्या दांड्यावरच्या कॅमचा उंचवटा आभाळाकडे झाला की खालचा व्हॉल्व मिटलेला असतो. तेव्हाच तो आणि त्याला दाबणारा टॅपेट यांच्यातली फट मोजायची, तीही इंजिन थंडगार असताना. म्हणून रविवारची सकाळ. अझ्रू शहराला जाणाऱ्या टॅक्स्या रविवारी उशिरा भरतात.

हे काम एरवी हंगामातून एकदा व्हायचं. आज सलग तिसरा रविवार होता.

"टॅपेट पुन्हा गप्प झालेत," बा म्हणाला. "टकटक करणारा टॅपेट डोकं खातो, पण गप्प बसणारा घर जाळतो. फट घट्ट झाली की आवाज जातो आणि व्हॉल्व जळतो. व्हॉल्व जळला की गाडी बसली. गाडी बसली की आपण बसलो."

फट मोजायच्या पोलादी पात्यांचा जुडगा इत्तोकडे होता. हवा घेणाऱ्या व्हॉल्वला पातळ पातं, धूर सोडणाऱ्याला जाड. सरकावं कसं, तर मिटलेल्या वहीतून कागद ओढावा तसं, जरासं अडत. तिने जाड पातं घातलं. ते अडलंच नाही. दुसरं त्याच्यावर ठेवून दोन्ही एकदम घातली. तीही गेली.

"बा, घट्ट कुठंयत? उलट सैल आहेत सगळे."

बा पुढच्या टॅपेटचा नट सैल करत राहिला.

गल्लीतून बासू चालला होता. स्टँडवर त्याची टॅक्सी बाच्या मागे लागते.

"काय हम्मू, आजपण? अरे, तुझी गाडी चढाला लागली की आमच्या कोंबड्या उठतात. टॅक्सी चालवतोस की लोहाराचं दुकान?"

बाने मान वर केली ती बासूची सावली इंजिनावर पडली तेव्हा. "ये, चहा घेऊन जा," तो हसत म्हणाला.

"मी काय बोलतोय, हा काय बोलतोय," बासू इत्तोकडे बघून पुटपुटला आणि निघून गेला.

इत्तोच्या हातातला पाना खालच्या पत्र्यावर पडला. पडला म्हणजे तिने सोडला. चाकाखाली झोपलेलं मांजर भिंतीवर चढलं. बाची पाठ हलली नाही.

अझ्रूच्या शाळेत ती रोज याच गाडीने जायची, मागच्या चौघांत, खिडकीशी. देवदाराचे ओंडके लादलेले ट्रक वळणाआधी हॉर्न देतात. गेल्या आठवड्यात एक अगदी अंगावर आला. त्याने हॉर्नच दिला नाही म्हणून बाने शिव्या घातल्या, तेव्हा मागच्या बाया एकमेकींकडे बघत होत्या.

तिने बाच्या खांद्यावर हात ठेवला. तो वळल्यावर म्हणाली, "सरक. मी लावते."

त्याने आपला पाना तिला दिला. एकेक करून तिने आठही फटी पात्यावर आणल्या आणि झाकण बसवलं. बाने गाडी चालू केली. धडधडीच्या खालून बारीक, एकसारखी टकटक येऊ लागली, शिवणयंत्रासारखी.

बा खिडकीतून तिच्या तोंडाकडे बघत होता.

"येतेय?"

तिने मान डोलावली.

"कशी?"

"हवी तशी."

त्याने इंजिन बंद केलं आणि बोळ्याने एकेक बोट पुसत बसला.

"उद्यापासून मी पुढे बसते," इत्तो त्याच्या समोर येऊन म्हणाली. "तुझ्या शेजारी."

"पुढच्या दोन जागा म्हाताऱ्यांना लागतात."

"एकाला मागे बसव."

बाने बोळ्याची घडी घातली. मग त्याच बोळ्याने शेजारच्या सीटवरची धूळ झटकली.

"हॉर्न आला की माझ्या गुडघ्यावर थाप मार," तो म्हणाला. "ओरडू नकोस. माणसं घाबरतात."