सफाई काल

मोबाइलवर दोनच शब्द होते. ‘सफाई काल.’ कोसाडहून निघालेल्या सिटी बसमध्ये वर्षानं ते वाचले आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

दोन शब्दांना एवढं काय घाबरायचं, असं तुम्ही म्हणाल. तर ऐका. वर्षा शिरपूरची, सुरतेत मावशीकडे येऊन तिला फार दिवस झाले नव्हते. नोकरी कॉलेजातल्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या खोलीत. ते मशीन आता आपलं आपणच नमुन्यावर जागा शोधतं, आपणच फोटो काढतं. माणसानं फक्त फोटो सर्व्हरवर कॉपी करायचे. मग ‘सफाई’ नावाचा प्रोग्रॅम मशीनच्या कॉम्प्युटरवरचे फोटो पुसतो आणि पुढच्यांना जागा करून देतो. आधी कॉपी, मग सफाई. शेंबड्या पोरालाही जमेल असं काम.

पण आदल्या संध्याकाळी सर्व्हरच बंद पडला, आणि नेमके फोटो होते उज्ज्वलाताईचे. ताईचे आईवडील अमरावतीचे, पण ती जन्मली-वाढली सुरतेत. तिच्या मराठीत निम्मी गुजराती. जखमेच्या पट्टीवर चांदीचा लेप, हा तिच्या पीएच.डी.चा विषय. त्या लेपाचा उरलेला शेवटचा तुकडा तिनं वर्षाच्या हातात दिला होता. फोटो निघता निघता मशीनच्या झोतानं तो करपला. करपणार हे ताईला ठाऊक होतं. आता तिच्या सगळ्या मेहनतीचं जे काही उरलं होतं, ते त्या फोटोंत होतं.

त्याच संध्याकाळी घरी जायची बस पकडायला वर्षा धावत असताना भावेशभाईचा फोन आला होता. सफाईचा प्रोग्रॅम त्यानंच बसवलेला, चालवायचाही तोच. “कॉपी?” एवढंच त्यानं विचारलं. वर्षाला मावशीची शिकवण आठवली. वर्षा आल्या दिवसापासून ही कलाबाई मावशी तिला बजावत होती, “आठे काल म्हंजे सकाय बी व्हस, ध्यानमा ठेव.” सकाय म्हणजे उद्या. म्हणजे आपल्या उद्यालाही इथं कालच म्हणायचं. हौसेला मोल नसतं बघा. वर्षानं ऐटीत गुजराती झाडली, “कॉपी काल.”

“सारू,” म्हणून त्यानं फोन ठेवला. आणि आज सकाळी हा निरोप.

सफाई काल. झाली, की व्हायचीय? तिनं फोन लावला, तो उचलेना. तो मोटारसायकलवर असणार, इच्छापोरला दुसऱ्या कामाच्या वाटेवर. पुन्हा लावला. मग उज्ज्वलाताईचाच फोन यायला लागला आणि वर्षानं तो वाजू दिला. उचलायची तिची हिंमतच होईना. गुजरातीत निरोप असेल तर उद्या, उद्याच असेल, असं ती स्वतःला समजावत राहिली. बस प्रत्येक स्टॉपला थांबत होती आणि तिला चढणाऱ्या माणसांचा राग येत होता.

खोलीत शिरताच तिनं कॉम्प्युटर उघडला. फोल्डरमध्ये फोटो होते, पण दुसऱ्याच कुणाच्या नमुन्याचे. मशीन रात्रभर इमानेइतबारे काम करत होतं.

तेवढ्यात भावेशभाईचा फोन आला. “वर्षाबेन, तुम्ही मराठी ने? मी उधन्यात वाढलो, शेजारी सगळे मराठी. मराठीत काल म्हणजे गेलेला दिवस, मला माहीत आहे. तुम्ही बोलल्या कॉपी काल, तर मी समजलो कॉपी झाली.”

“मी गुजरातीत बोलले होते, भावेशभाई.”

“अरे! मी तर संध्याकाळीच सफाई चालवून टाकली.”

“परत मिळतील का?” तिनं विचारलं.

“त्याच जागेवर नवे फोटो लखाई गया, बेन. जुने गेले.”

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय! दोघांनी एकमेकांच्या भाषेचा मान राखला आणि त्यात तिसरीचं काम गेलं. वर्षाला रडायचं होतं, पण दार उघडलं.

“फोन का नाही घेतलास?” उज्ज्वलाताईनं विचारलं. “कॉपी झाली ने?”

“नाही झाली, ताई. सर्व्हर बंद होता.”

ताईचा चेहरा उतरला. “अने सफाई? सफाई कधी?”

वर्षा म्हणाली, “काल.”

“हाश,” म्हणत ताईनं खुर्ची ओढली आणि पर्समध्ये पेन ड्राइव्ह शोधायला लागली. “मग आजचा दिवस आहे आपल्याकडे. सरक, मीच घेते कॉपी करून.”

वर्षानं तिचा हात धरला.

“तो काल नाही, ताई. आपला काल.”