काजं करणाऱ्या वहिनींसाठी एक वाक्य

या, असे पुढे सरकून बसा. देवाचं नाव घ्या आणि ऐका. एका बाईची गोष्ट सांगतो, आणि माझ्या जिभेची फजितीही.

मी शिंप्याच्या दुकानात इस्त्री करतो. दुकान मास्तरांचं. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, माझ्या टेबलाशेजारी बसून हाताने गुंड्यांची काजं करायच्या. बावीस वर्षं. मंगळवारी त्या गेल्या.

गल्लीच्या ग्रुपवर मास्तरांच्या पुतण्याने बातमी टाकली, खाली श्रद्धांजली. ती त्याने कुठल्याशा जुन्या निरोपातून उचललेली. बाकीच्यांनी त्याची उचलली. संध्याकाळी मास्तरांनी फोन माझ्यापुढे धरला.

"वाच."

'काकांच्या आत्म्यास शांती लाभो. मिस यू.' त्याखाली तेच. त्याच्याही खाली तेच. फुटकी हृदयं, जोडलेले हात, पुन्हा काका. एकेचाळीस माणसं.

"गेलं कोण रे?" मास्तर म्हणाले. "ती की मी?"

हसावं की रडावं कळेना. एकेचाळिसावा मीच होतो.

मास्तरांचं मागणं एवढंच, की रविवारच्या शोकसभेत कुणीतरी तिच्याबद्दल एक वाक्य बोलावं. दुसऱ्या कुणालाही लागू पडणार नाही असं. "मला बोलायला जमायचं नाही. तू बघ," म्हणाले. मी पुतण्याला गाठलं.

"वाक्य कशाला, दादा? 'क्वीन' म्हणू ना. नाहीतर 'लेजेंड'. काकूची व्हाइबच वेगळी होती."

"म्हणजे कशी?"

"म्हणजे... वेगळी. अहो, फील असतो तो. समजून घ्यायचा."

"नाही समजत, म्हणून तर विचारतोय. तुझ्या शाळेच्या शर्टांची काजं कुणी केली?"

"काकूने. ओजी होती ती, एकदम ओरिजिनल!"

"अरे बाबा, स्वतःच्या शब्दांत रड की जरा!"

तो भडकला. "तुम्ही तर तेवढंही टाइप केलं नाहीत. माझंच कॉपी केलंत!"

शेजारणीकडे गेलो, तर ती म्हणाली, "फार पॉझिटिव्ह होत्या." कापडवाल्याला फोनवर विचारलं, तर त्याने उत्तरादाखल अंगठा पाठवला. अंगठा! माणूस गेलंय आणि हा अंगठा दाखवतोय. डोक्याला हात लावून बसलो.

रविवारी पुतण्या उठला. फोनमध्ये बघून "माय क्वीन" म्हणाला, "सॉरी, फुल इमोशनल झालोय" म्हणाला आणि बसला. निदान त्याचे डोळे तरी ओले होते. मग मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं.

उठलो. आयुष्यभर निरूपणं ऐकली, माना डोलावल्या, पदंच्या पदं तोंडपाठ आहेत माझी. आणि तोंडातून बाहेर काय पडावं? "भावपूर्ण श्रद्धांजली. त्यांच्या आत्म्यास शांती लाभो." झालं. बसलो. मास्तर खाली मान घालून गुडघ्यावरची चुणी सरळ करत राहिले.

राग कुणावर काढू? पोरावर? फोनवर? देवाने धडधाकट जीभ दिली आणि मी तिला उष्टे शब्द चघळायची सवय लावली.

तिथे बोलायचं होतं ते हे. ज्या गिऱ्हाइकाची बोटं थरथरायची, त्याच्या शर्टाची काजं वहिनी दोन धागे मोठी करायच्या. सांगायच्या मात्र नाहीत. मी एकदा विचारलं, "वहिनी, हे माप चुकलंय का?" तर दातांनी दोरा तोडत म्हणाल्या, "गप्प बसा हो भाऊजी. त्याला वाटू दे, आज हात बरा चालतोय."

परवा मास्तरांना हे सांगितलं. त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाले, "त्या दिवशी काय झालं होतं तुला?"

रविवारी जमलं नाही. म्हणून प्रत्येकाला जवळ बसवून सांगत सुटलोय. एवढी कृपा करा, आमच्या वहिनींची आठवण ठेवा. आणि कुणाला सांगाल, तर तोंडाने सांगा.