अर्धा ट्रॅक्टर

"दात बघ की त्याचे! दात बघितल्याशिवाय वय कसं कळणार?" विदोये ओरडला, आणि आजूबाजूचे चार-दोन लोक खो खो हसले.

ओब्रेनने तिकडे लक्ष दिलं नाही. तो त्या निळ्या ट्रॅक्टरच्या मागे गेला, मोठ्या चाकावर तळहात ठेवला, दोन थापा मारल्या आणि वाट बघत उभा राहिला. घोड्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारली की घोडा कातडी थरथरवतो, एक कान मागे वळवतो, आणि जनावर कसं आहे ते तेवढ्यावरून कळतं. ट्रॅक्टरने काहीच केलं नाही. ओब्रेनचा सारा जन्म घोड्यांमागे गेला होता. पोझेगाच्या बाजारात त्याने आजवर कितीतरी घोडी घेतली होती, पण यंत्र घ्यायला तो या म्हातारपणी पहिल्यांदाच आला होता.

त्याला दुसरा इलाज नव्हता. दोरात, त्याचा शेवटचा घोडा, हिवाळा सरता सरता गेला. सर्बियाच्या त्या डोंगरपट्ट्यात नांगराला जुंपता येईल असा घोडा आता शोधून सापडत नाही. जे आहेत ते सहलीला आलेल्या पोरांना पाठीवर घेऊन फोटो काढून घेतात. ओब्रेनला बायको नाही, मूल नाही. शहरातला पुतण्या एवढाच काय तो वारस. त्याने उन्हाळ्यातच सांगून ठेवलं होतं, "काका, यंदाची शरदातली पेरणी जमली तर करा. नाही जमली तर मी तिथे देवदाराची रोपं लावून टाकतो. लावली की काम संपलं." पुतण्या वाईट नव्हता. काकाचे हाल होऊ नयेत एवढंच त्याच्या मनात होतं. पण ओब्रेनला रात्रंदिवस एकच गोष्ट खात होती. नांगर फिरला नाही तर तो शेतकरी कसला? शेताशेजारी राहणारा एक म्हातारा, बस्स.

विदोये त्याचा शेजारी. त्याच्या अंगणात तीन ट्रॅक्टर होते आणि त्यातले दोन बंद होते. म्हणून ट्रॅक्टरच्या बाबतीत गावात त्याच्याइतका अनुभवी दुसरा कोणी नाही, असं त्याचं स्वतःचं मत होतं. सकाळपासून तो ओब्रेनला बाजारभर फिरवत होता.

आधी नव्या ट्रॅक्टरवाल्याकडे झालं. गुळगुळीत दाढी केलेला तरुण विक्रेता म्हणाला, "कॅबिन आहे काका, हीटर आहे, रेडिओ आहे."

"रेडिओ कशाला?"

"करमणूक होते."

"नांगरताना न करमायला काय झालं?" ओब्रेन म्हणाला. "आणि हा एवढा आडवा वाढलेला माझ्या बांधावर वळायचा कसा? वळता वळता विदोयेच्या आलुबुखारात घुसेल." मग त्याने किंमत विचारली. ती ऐकून त्याने डोक्यावरची टोपी काढली, आत बघितलं आणि पुन्हा घातली.

दुसरा ट्रॅक्टर परदेशातून जुना आणलेला, अगदी पाण्याच्या भावात. तो दुरुस्त करू शकणारा मेकॅनिक सगळ्या टापूत एकच होता आणि तो ऑस्ट्रियात कामाला गेला होता.

आणि तिसरा हा निळा. लहान, मजबूत, ज्याचे सुटे भाग कुठल्याही लोहाराकडे खिळ्यासारखे मिळतात असा. भावही बेताचा. विदोये तर त्याच्या प्रेमातच पडला होता.

"का विकतोस?" ओब्रेनने मालकाला विचारलं.

"नको झालाय," मालक म्हणाला. तो मक्याचं भाजलेलं कणीस खात होता.

"हाक काय मारायचास याला?"

"कुणाला?"

ओब्रेन तिथून निघाला. विदोये त्याच्या मागे धावला. "अरे बाबा, काय झालं काय? इंजिन नवं करून घेतलंय त्याने! असा परत मिळायचा नाही!"

"वळूनसुद्धा बघितलं नाही रे त्याने त्याच्याकडे. विकणाऱ्याचा जीव अडकलेला नसला तर जनावरात खोट असते."

"अरे, जनावर नाही ते!"

ओब्रेनच्या बापाने त्याला घोडं पारखायला असंच शिकवलं होतं आणि म्हातारपणी नवी विद्या कुठून आणायची? तो निळा ट्रॅक्टर दुसऱ्याच कोणीतरी दुपारच्या आत नेला आणि अजूनही तो विनातक्रार चालतो आहे, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

बाजाराच्या अगदी टोकाला, जिथे डुकरं संपतात तिथे, एक लाल ट्रॅक्टर उभा होता. ओब्रेनची पावलं थबकली. त्याने तो लांबूनच ओळखला. रादिसावचा होता तो.

रादिसाव आणि ओब्रेन यांची तरुणपणी स्प्रेगा होती. म्हणजे आपली सावडच. घोडा एकाचा एक, दुसऱ्याचा एक. जोडी जुंपायची, आधी एकाचं वावर नांगरायचं, मग दुसऱ्याचं. नांगरासोबत भाकरी, चीज, राकीया दारूची बाटलीही अर्धी अर्धी. मग एका शरदात रादिसाव हा लाल ट्रॅक्टर घेऊन आला आणि त्याने आपला घोडा विकून टाकला. ओब्रेन एका घोड्यावर नांगरत राहिला. भांडण असं झालंच नाही, बोलणं मात्र कमी होत गेलं. टेकडीच्या पलीकडच्या अंगाला रादिसावचं शेत, अलीकडे ओब्रेनचं. टेकडी काही फार उंच नव्हती, पण दोघांपैकी कोणी ती चढली नाही. वसंतात रादिसाव गेला तेव्हा ओब्रेन मातीला गेला आणि फाटकापाशीच उभा राहून परतला. आत जायला हवं होतं, हे त्याला घरी आल्यावर कळलं.

ट्रॅक्टरवर रादिसावचा धाकटा भाऊ मिलिसाव बसला होता. तो तालुक्याच्या गावी टाइल्सचा धंदा करी. गिऱ्हाईक दिसताच त्याने ट्रॅक्टर सुरू करून दाखवायला घेतला. स्टार्टर घरघरला, इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि गप्प बसलं. त्याने पुन्हा केलं. पुन्हा तेच. विदोये लगेच म्हणाला, "पंप गेलाय." मिलिसावने ट्रॅक्टरला आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांना नावं ठेवली.

मागे ट्रॉलीच्या दांडीवर एक बाई काळा रुमाल बांधून बसली होती. ती इतका वेळ तोंड फिरवून डुकरांकडे बघत होती. ती उठली.

"उतरा भाऊजी," ती म्हणाली.

मिलिसाव उतरला. ती चढली. बंद करायचा दांडा ओढलेलाच राहिला होता, तो तिने मागे ढकलला. पायाने क्लच दाबला, न बघता. इंजिन सुरू झालं. तिने मान जरा तिरकी करून ऐकलं, गॅस बारीक केला आणि गिअरच्या दांड्यावर हात ठेवून तशीच बसून राहिली. उतरायचं विसरल्यासारखी.

ओब्रेन पुढे गेला. "स्तानावहिनी."

"ओब्रेनदादा! तुम्ही घेताय?"

"बघतोय. रादिसावच चालवायचा ना हा?"

"हो. ते."

"शेवटची वर्षं त्याला दिसत नव्हतं म्हणतात."

"दिसायचं," स्ताना पटकन म्हणाली. मग आवाज उतरवून, "उजेड दिसायचा."

"मग नांगर?"

स्तानाने चाकावरच्या मडगार्डच्या पत्र्याकडे बोट दाखवलं. तिथला लाल रंग झिजून पत्रा पांढरा पडला होता. "इथे बसायचे. आवाजावरून कळायचं त्यांना. म्हणायचे, स्ताना, उजवीकडे ओढतोय बघ, नांगर वर घे. रस्त्यावरून कोणी गेलं की ते हात करायचे. लोकांना वाटायचं, नांगरणारे तेच, मी आपली घडीभर चाक धरलंय."

"वहिनी, गिऱ्हाईकापुढे असलं बोलायचं का?" मिलिसाव कळवळला. "बाईने चालवलेला म्हटलं की भाव पडतो!"

"का विकतेस?" ओब्रेनने विचारलं. सकाळपासून त्याने हा प्रश्न प्रत्येकाला विचारला होता, पण उत्तराची अशी धास्ती आता पहिल्यांदाच वाटली.

"भाऊजी म्हणतात, घरात शेतकरी उरला नाही, ट्रॅक्टर कुणासाठी ठेवायचा? वावर खंडाने द्यायचं आणि मुलीकडे नोवी सादला जायचं. चौथ्या मजल्यावर."

"आणि तू काय म्हणतेस?"

स्तानाने त्याच्याकडे बघितलं. "मला कोणी विचारलं नव्हतं अजून."

ओब्रेनला एकदम रादिसावची आठवण आली, आणि त्याचा हात त्या झिजलेल्या पत्र्यावर गेला. हाच तो ट्रॅक्टर. इतकी वर्षं त्याने याच्यावर राग धरला होता, आणि राग धरायला हा बिचारा कोण लागून गेला होता?

"मी घेत नाही," तो म्हणाला.

"झालं!" मिलिसाव म्हणाला.

"अर्धा घेतो."

"अर्धा?" विदोये पुढे सरसावला. "कुठला? पुढचा की मागचा?"

"स्प्रेगा," ओब्रेन म्हणाला. तो फक्त स्तानाकडे बघत होता. "पूर्वीसारखी. अर्धी किंमत मी आज देतो, ट्रॅक्टर तुझ्याच गोठ्यात राहू दे. आधी एकाचं वावर, मग दुसऱ्याचं. डिझेल अर्धं अर्धं."

"आणि चालवायचा कोणी?" मिलिसावने विचारलं.

ओब्रेनने सकाळपासून जे विदोयेपासूनसुद्धा लपवलं होतं, ते आता भरबाजारात बोलायची वेळ आली होती. "मला येत नाही चालवता."

विदोयेचं तोंड उघडंच राहिलं. "मग सकाळपासून माझे पाय का मोडलेस रे?"

"वाटलं, शिकेन."

लोक हसले. डुकरं विकणाऱ्याने ही बातमी पलीकडच्या रांगेत पोचवली आणि तिथेही हसले. ओब्रेनचे कान लाल झाले, पण तो जागचा हलला नाही.

स्ताना हसली नाही. "शिकवायला आता सवड कुठे आहे, दादा?" ती म्हणाली. "पेरणी तोंडावर आलीये. तुमचं वावर उन्हाचं आहे, आधी वाळतं. ते आधी करू."

मिलिसाव बराच वेळ कुरकुरला. पण अर्धे पैसे रोख येत होते, आणि वहिनीच्या तोंडावर जे तेज आलं होतं ते त्याने वसंतापासून पाहिलं नव्हतं. त्यालाही ते दिसलंच. शेवटी त्याने सौद्याचा हात पुढे केला. त्या बाजारात सौदा हातावर होतो आणि हात घरच्या पुरुषाचा घेतात. ओब्रेनने त्याला मानेने नमस्कार केला, त्याच्या हातावरून आपला हात पुढे नेला आणि ट्रॅक्टरवर बसलेल्या स्तानाचा हात धरला. तिसऱ्या माणसाने वरून थाप मारून सौदा पक्का करायचा असतो. ती विदोयेने मारली, जरा जास्तच जोरात.

आठवड्याने लाल ट्रॅक्टर टेकडी ओलांडून अलीकडे आला. सकाळ थंड होती आणि माती अगदी हवी तशी होती, मुठीत धरली की बसणारी, सोडली की फुटणारी.

"बसा मडगार्डवर," स्ताना म्हणाली.

"नको. मी मागून येतो."

"मागून येऊन करणार काय?"

"चालणार."

नांगर जमिनीत गेला आणि ओब्रेन मागे पडत गेलेल्या ताज्या तासात, त्या लांब चरात उतरला. बापानंतर या वावरात त्याच्या पावलांशिवाय एकही तास पडला नव्हता. पहिल्याच फेरीत त्याला धाप लागली. स्तानाने मागे वळून बघितलं आणि गॅस कमी केला. मग ट्रॅक्टर घोड्याच्या चालीने चालू लागला. डिझेल जास्त जाईल, ओब्रेनच्या मनात आलं. जाऊ दे, अर्धं आपलंच आहे. तो बुटांच्या टोकाने ढेकळं फोडत चालत राहिला. हातात धरायला काही नव्हतं, म्हणून त्याने हात पाठीमागे बांधले. दोरातचा लगाम त्याला फार आठवला.

दुपारच्या सुमारास विदोये वरच्या रस्त्याने चालला होता. त्या भागात कामात असलेल्या शेतावरून मुक्याने जायची रीत नाही. गेलात तर तुमच्या मनात काळं आहे असं समजतात. विदोयेने उभं राहून हाक दिली,

"देव साहाय्य करो, घरधनी!"

या हाकेला उत्तर नांगरणाऱ्याने द्यायचं असतं. दुसऱ्याने दिलेलं चालत नाही. या वावरात आजवर ते ओब्रेनने दिलं होतं, त्याच्याआधी त्याच्या बापाने. सवयीने ओब्रेनचं तोंड उघडलंसुद्धा. मग त्याने ते मिटलं, खाली वाकला, तासातला एक दगड उचलला आणि बांधाकडे भिरकावला.

"देव साहाय्य करो!" विदोये पुन्हा ओरडला. "अरे, ऐकू येईना झालं का?"

ट्रॅक्टर थांबला. स्ताना वळून ओब्रेनकडे बघू लागली, उत्तरासाठी. तो आणखी एक दगड शोधत होता आणि त्याला तो काही केल्या सापडत नव्हता.

तेव्हा तिने गॅस अगदी बारीक केला आणि सीटवर सरळ बसली. पहिला शब्द फुटताना तिचा आवाज चिरकला.

"देव तुमचंही भलं करो!"

नांगरणाऱ्यासाठी काढतात तशी विदोयेने डोक्यावरची टोपी काढली, आणि रस्ता वळेपर्यंत ती हातातच धरून तो चालत गेला.