दादाला लावलेली ओली हळद

माझ्या दादाला पाणी का लावलं? मी सारखं विचारत राहिलो. जळगावच्या त्या प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाला.

मी अतिवाहक पदार्थाचा तुकडा बोलतोय. काळा, नखाएवढा. शिकलेला नाही. मला थंडी कळते, उजेड कळतो, आणि दादा कळायचा.

आम्हा दोघांना सुलक्षणानं एकाच भट्टीत भाजलं. ती अमळनेरची, इथे संशोधन करते. गुरांच्या दवाखान्यात असतो तसला द्रव नायट्रोजन ओतून ती आम्हाला गारठवायची. त्या थंडीत आमच्यातून वीज बिनअडथळा फिरते. वरून लेसरचा उजेड भराभर लुकलुकत पडला, की ती वीज थरथरते आणि सूक्ष्मलहरी निघतात. मोबाईलच्या टॉवरमधून निघतात त्याच जातीच्या. दादाची पहिली लहर पडद्यावर उठली, तेव्हा सुलक्षणा खुर्चीतून उडालीच.

"यांना पाण्याचा थेंब लागू देऊ नका," असं तिनं सगळ्यांना बजावलं होतं.

खंडेनवमीला ती गावी गेली. विभागप्रमुख भूपेंद्र सरांनी यंत्रांची पूजा मांडली. यंत्राचं काळीज म्हणून दादाला डबीतून काढून पाटावर ठेवलं. फुलानं पाणी शिंपडलं. ओली हळद चोपडली.

"नवरदेवाला हळद लागली!" सर म्हणाले.

"आते नवरी कोठे शे, सर?" शिपाई झुलालनाना म्हणाले. सगळे खिदळले. शी!

ओल मुरत गेली. दादा पांढुरका पडला. सुलक्षणानं येऊन त्याला गारठवलं, लेसर सोडला. लहर उठलीच नाही.

"मालच खोटा होता," सर केळं सोलत म्हणाले. ज्या बोटांनी हळद लावली, त्याच बोटांनी. मला किळस आली. दादाला त्यांनी कचऱ्यात टाकलं.

पुढे धुळ्याहून तपासणीला पाहुणे आले. या वेळी यंत्रात मी होतो. माझी लहर उठली, तसे सर पुढे सरसावले. "आधीचा तुकडा सदोष होता. हा आम्ही सुधारून बनवला."

"नाही सर," सुलक्षणा म्हणाली. "दोघं एकाच भट्टीतले, वहीत नोंद आहे. तोही चांगला होता. पूजेत तुम्ही त्याला पाणी लावलंत, हळद होती त्याच्या अंगावर."

सर लालबुंद झाले. पाहुण्यांतल्या रत्नाबाई म्हणाल्या, "एकदा उठली ती लहर चुकूनही असेल. पुन्हा उठव, तर ती भट्टी चांगली आणि तुझं खरं मानू."

त्याला आता पुष्कळ दिवस झाले; मला चीर पडली आहे, वीज फिरत नाही. मी ड्रॉवरमध्ये पडून असतो. माणसांनो, तुमची ती हसरी तोंडं मला नकोत. पूजा तर नकोच.

तपासणीच्या त्या दिवशीही वाटलं होतं, गप्प बसावं. सरांचं नाक कापलं जावं. पण मी गप्प बसलो असतो, तर दादा खोटा ठरला असता, आणि सुलक्षणाही.

लेसर पडला. अंगात होती नव्हती तेवढी वीज थरथरवून मी पुन्हा लहर दिली.