पडद्यावरची पांढरी फाक

"छपराला हात लावून तर बघ! हा झारा तोंडावर घालीन, मग भाऊ म्हणून गळा काढू नकोस!"

न्याबिसे चहाच्या टपरीच्या दारात आडवी उभी होती. मागे कढईत मांदाझीचे गोड वडे करपत होते, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. समोर तिचा थोरला भाऊ माफुरू, हातात चोरट्या लहरींचा माग काढायची अँटेना घेऊन. किनाऱ्यावरच्या बायका आणि म्हातारे भोवती जमले होते, आणि त्यातलं एकही माणूस त्याच्या बाजूचं नव्हतं.

"आला बघा मनोऱ्याचा जावई!" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

टेकडीवरचा मनोरा दोन कामं करायचा. फोन चालवायचा, आणि त्याच लहरींनी सरोवरावरच्या होड्या हुडकायचा. लहर होडीवर आपटून परतली की मनोऱ्याखालच्या माफुरूच्या खोलीतल्या पडद्यावर ठिपका उमटे. पण लाकडी होडीवरून परत येतं ते काय, कुजबुज ती! मनोराच ओरडत राहिला तर ऐकू कशी येणार? म्हणून माफुरूने तीन वर्षं खपून मनोऱ्याला बोलता बोलता श्वास रोखायला लावलं होतं, आणि पाण्याच्या बाजूचा आवाज उतरवला होता. त्यापायी खोल पाण्यात फोन लागेनात. होड्या बुडायच्या कमी झाल्या, पण न बुडलेला माणूस मोजतो कोण? शिव्या मात्र रोज पडायच्या.

आज सकाळपासून पडद्यावर पांढरी फाक पडली होती, पपईच्या फोडीसारखी. कुणीतरी फोनची ताकद वाढवायची चोरटी पेटी लावली होती. ती कुठली श्वास रोखते! तिच्या गोंगाटात पाच होड्या दिसेनाशा झाल्या होत्या आणि दक्षिणेकडून आभाळ काळं होऊन येत होतं.

"पेटी तुझ्याच छपरात आहे, न्याबिसे."

"आहे! काय करशील? नवरा पाण्यावर, आणि मी इथे हात जोडून बसू? तुला तो ठिपका दिसत असेल, मला त्याचा आवाज ऐकू येतो!"

तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. तिचा नवरा मासातूच होता. तिने भावाकडे बघून हनुवटी उडवली. "बोला, पोरीचे बाबा... हो, ढग इथूनही दिसतायत."

"आहेत कुठे, विचार," माफुरू म्हणाला.

तिने विचारलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. "म्हणतात, किनारा दिसेना. कुठे आलोय तेच कळत नाही म्हणतात."

"अगं, त्यांनाच माहीत नाही, तर तुला सांगणार काय? मला बघू दे! पेटी काढू दे!"

"नाही! बोलतायत ते. ऐकतेय मी!"

सुटका करणारी मोटरबोट धक्क्यावर तयार होती, फक्त दिशा हवी होती. माफुरू बाकावर चढला आणि त्याने छपराखाली हात घातला.

"काय? पोरीला सांग? काय सांगू? अहो, परत बोला..."

माफुरूने वायर उपटली. फोन मेला.

झारा कपाळावर बसला. तो तसाच रक्त पुसत टेकडी चढला. फाक गेली होती. पाच ठिपके स्वच्छ दिसत होते. चार किनाऱ्याकडे सरकत होते, पाचवा जागच्या जागी फिका होत चालला होता. त्याने ओरडून मोटरबोटीला दिशा सांगितली.

चार होड्या परतल्या. पाचवी उलटी सापडली, तिला तिघं चिकटले होते. मासातू त्यात नव्हता. नुकताच हात सुटला, म्हणाले.

आभार सोडाच, जीव वाचलेले ते तिघंही माफुरू दिसला की वाट बदलत. पेटी असती तर मासातू शेवटपर्यंत बायकोशी बोलत राहिला असता, असं गाव म्हणे. कसला बोलत राहतो, पाण्यात पडल्यावर! पण हे कुणाला सांगणार? बहिणीच्या दारात तो दोनदा गेला. दोन्ही वेळा दार आतून लागलं.

महिन्याने एका दुपारी न्याबिसे टेकडी चढून आली. हाताला पीठ तसंच होतं. ती उंबऱ्याच्या आत आली नाही.

"तुझ्या यंत्रात सगळं साठतं म्हणे."

"ठिपके साठतात."

"बोलणं?"

"नाही गं."

"पोरीला सांग, म्हणाले. काय सांग, ते राहिलं. पोरगी रोज विचारते."

माफुरूने स्टूल पुढे सरकवलं.

"बसायला नाही आले. माफ केलेलं नाही मी तुला, करणारही नाही. तो दिवस दाखव."

त्याने दाखवला. चार ठिपके सरकत गेले. पाचवा थांबला. न्याबिसे आत आली आणि तिने त्यावर बोट ठेवलं. ठिपका फिका होत होत गेला, तरी बोट बराच वेळ तिथेच होतं. मग ती वळली आणि टेकडी उतरून गेली.

काचेवर पिठाचा एक ठसा राहिला. माफुरू रोज सकाळी पडदा पुसतो, तेवढी जागा सोडून.